प्रति: चेहऱ्यात झाड मिसळलं की सगळं धुरकट होतं

फोटो एडिटरमध्ये झाडाच्या फोटोची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करून तो चेहऱ्याच्या फोटोवर ठेवलात म्हणता, मग धुरकट होणारच की, त्यात दोन्ही फोटोंची नुसती सरासरी निघते, ना धड चेहरा ना धड झाड. (इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७० च्या दशकात एकाच प्लेटवर अनेक चेहरे घेतले होते, तेही असेच गुळगुळीत, कुणाचेच नसलेले दिसतात.)

त्यापेक्षा पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा साइड प्रोफाइल घ्या, लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायचे स्लायडर) ओढून केस आणि मान जवळजवळ काळी करा आणि वर झाडाचा लेयर (थर) स्क्रीन मोडला, म्हणजे थर मिसळायच्या एका पद्धतीला, टाका. स्क्रीनमध्ये पांढरं पांढरंच राहतं आणि काळ्यात वरचा फोटो उमटतो, त्यामुळे फांद्या आपोआप डोक्याच्या आकारातच बसतात, कापाकापी नाहीच. मल्टिप्लाय मोड याच्या बरोब्बर उलटा, तो टेक्स्चरला (पोत चढवायला) बरा.

मग झाडाच्या लेयर मास्कवर (काळं रंगवलं की लेयर न खोडता तेवढा भाग झाकतो तो) मऊ काळा ब्रश, फ्लो (रंग सुटायचा जोर) १० टक्क्यांच्या आसपास, आणि डोळा नि ओठांवरून झाड हळूहळू पुसायचं. इरेझर अजिबात नको, मी एकदा त्याने पापणीवरची पानं घालवली, फाइल सेव्ह करून बंद केली आणि बसलो परत पहिल्यापासून. रंग जुळत नसतील तर सगळ्यात वर एक ग्रेडियंट मॅप (गडद-फिकट छटांना ठरावीक रंग देणारा लेयर) टाकून बघा.