स्मूदबोअरला मराठीत काय म्हणायचं? (शिवाय नेम, शिस्त, घोडा वगैरे)

गाळीव_कागद
एका परिचितांसाठी छोटं हस्तपुस्तक मराठीत करतेय, ठासणीच्या (म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी गजानं ठासून भरायच्या) बंदुकीनं नेम कसा साधायचा आणि शिकार कशी करायची यावर. बंदुकीशी माझा संबंध आजवर फक्त 'दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून' एवढाच, त्यामुळे पहिल्याच पानावर अडकलेय. शब्द आहे स्मूदबोअर, म्हणजे नळीच्या आत आटे (गोल फिरत जाणाऱ्या खाचा) नाहीत अशी बंदूक. आधी 'गुळगुळीत नळीची' लिहिलं, तर ते म्हणाले असं वाटतं की नळीला बाहेरून पॉलिश केलंय. मग 'बिनआट्याची' केलं तर त्यांना हसू आवरेना, म्हणे आटे ढिले झालेले ऐकलेत, ही तर पार बिनआट्याची.
अजून एक गोची म्हणजे 'ग्रेन'. मी झोपेत '७० दाणे दारू घ्यावी' लिहून मोकळी झाले होते. नंतर कळलं की ग्रेन हे वजन आहे, ७० ग्रेन म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. आणि 'दारू घ्यावी' हेही बदलायला पाहिजे हे तुम्ही सांगायच्या आधीच सांगते.

ठोकळेबाज
दारू घ्यावी 😂 'भरावी' करा. 'नळीत ओतावी' केलंत तरी पिणाऱ्यांना आशा राहीलच.
स्मूदबोअरचं म्हणाल तर वेगळा शब्द लागतोच कशाला. रायफल हे नावच मुळात नळीतल्या आट्यांवरून पडलंय. आमच्यात जुने लोक बोलायचे तेव्हा रायफल ती रायफल आणि बाकी सगळी ती बंदूक. 'बंदूक' म्हटली की आतून सपाट, छर्ऱ्याची, हे गृहीतच.

गाळीव_कागद
पटतंय, पण आजच्या वाचकाला बंदूक म्हणजे एके-४७ पण बंदूकच. पुस्तकभर 'बंदूक' म्हणून कसं चालेल?

कोशातला_किडा
'निर्व्यावर्त नलिका' कसा वाटतो?

ठोकळेबाज
बंदुकीला ऐकवून बघा, न भरताच उडेल.

पदर_खोच
ठासणीची हा शब्द वाचून एकदम आजोबा आठवले, विषयांतर होतंय पण सांगतेच. त्यांच्याकडे ठासणीची एकनळी होती आणि बार भरायचा कार्यक्रम मी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत बसायचे. सगळ्यात आधी रिकामा लोखंडी गज नळीत सोडायचे. टण्ण वाजून उसळला तर नळी रिकामी, धप्प असा मेलेला आवाज आला तर आत आधीचाच बार पडलाय. मग मापानं दारू, वर बोळा, छर्रे, परत एक पातळ बोळा. गजावर चाकूनं दोन खाचा केलेल्या होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. भरून झाल्यावर खाच बरोबर तोंडाशी यायला पाहिजे, नाही आली की पुन्हा ठासणं, कारण मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते नाहीतर फाटते. हे ते दर वेळी सांगायचे, मला पाठ झालं होतं तरी.
मुद्दा असा की ते 'नेम धर' कधीच म्हणायचे नाहीत. 'शिस्त धर' म्हणायचे. 'आधी शिस्त धर, मग बार काढ.' मी शाळेत निबंधात 'शिकाऱ्याने शिस्त धरली आणि बार काढला' लिहिलं तर बाईंनी लाल रेघ मारून 'अर्थहीन वाक्य' असा शेरा दिला. आजोबा त्या शेऱ्यावर बाईंपेक्षा माझ्यावर चिडले, की तू वाद का नाही घातलास. तर हा अर्थ खरा होता का त्यांचा खासगी होता?

कोशातला_किडा
शंभर टक्के खरा. आजोबा बरोबर, बाई चूक. जुन्या मराठी कोशांत शिस्त म्हणजे बंदुकीचा नेम हा अर्थ आहे. शब्द फारसी 'शस्त' वरून. शस्त म्हणजे अंगठा, आणि धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतात ती अंगठी पण शस्तच. तिथून रोख धरणं, नेम. हिंदी-उर्दूतही 'शिस्त बाँधना' आहे. सैन्यातली नि शाळेतली शिस्त मागून आली.

तांबडं_फुटलं
काहीही हं. शिस्त हा शुद्ध संस्कृत शब्द आहे. शास् धातू, त्यावरून शासन, शिष्य, शिष्ट, अनुशासन, त्याच घरातली शिस्त. प्रत्येक गोष्ट फारसीतून आणायची फॅशन झालीये.

कोशातला_किडा
मग संस्कृतात 'शिस्त' असा शब्द दाखवा. शास् चं भूतकाळवाचक 'शिष्ट' होतं, ष आणि ट, त्याचं मराठीत स आणि त कसं झालं तेही सांगा. आणि तुमची व्युत्पत्ती खरी धरली तर बंदुकीचा नेम हा अर्थ कुठून टपकला?

तांबडं_फुटलं
नेम म्हणजेही शिस्तच ना. अनुशासित नजर.

निव्वळ_वाचक
इतके दिवस नुसता वाचत होतो पण हे बघून राहवलं नाही. गंमत बघा, 'नेम' चे पण दोन अर्थ आहेत. एक नेम बंदुकीचा, दुसरा नेम नियमाचा, नित्यनेम, नेमाने, नेमलेला. नियम वरूनच आला असणार. आणि शिस्तीचंही तेच, एक रोख धरण्याची आणि एक वागण्याची. म्हणजे एक शब्द नियमाकडून बंदुकीकडे आला आणि दुसरा बंदुकीकडून नियमाकडे गेला, दोघांची वाटेत गाठ पडली. 'त्याचा काही नेम नाही' हे माणसाबद्दल म्हणतो तेव्हा यातला कुठला नेम असतो कोण जाणे.

ठोकळेबाज
वा. आणि हल्लीची पोरं 'शिस्तीत मारला' म्हणतात सिक्सला, तो मग थेट आजोबांचा अर्थ झाला.

खारा_वारा
शब्दांचं चालू द्या पण स्मूदबोअरला नेम नसतो हा समज या चर्चेत चोरपावलांनी शिरतोय म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं टार्गेटवर ठासणीच्या वीस बोअरनं मारतोय. बोअर म्हणजे एका पौंडाच्या शिशातून नळीच्या मापाच्या जेवढ्या गोल गोळ्या होतील तो आकडा, म्हणून बारा बोअर ही वीस बोअरपेक्षा मोठी. माझी नळी आतून १५.६ मिमी, गोळी १५.१ मिमी. म्हणजे चारी बाजूंनी पाव मिमी मोकळं, तिथे चरबी लावलेलं सुती फडकं गुंडाळून गोळी बसवायची, अंगठ्यानं दाबली तर जात नाही पण गजानं एका दमात जाते अशी. तशी बसली तर ५० मीटरच्या आत चांगला नेम लागतो. सैन्यातल्या जुन्या मस्केटींची बदनामी झाली ती ढिल्या गोळीमुळे. इंग्रजांच्या ब्राउन बेसची नळी १९ मिमी आणि गोळी जेमतेम साडेसतरा, कारण घाईत भराभर भरता यायला हवी, काजळीनं नळी अरुंद झाली तरी. अशी गोळी आतल्या आत आपटत जाते आणि शेवटची आपट जिकडे बसेल तिकडची फिरकी घेऊन बाहेर पडते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४० च्या दशकात हे दाखवायला नळीचं तोंड मुद्दाम डावीकडे वाकवलं होतं. गोळी निघाली डावीकडे आणि पुढे जाऊन वळली उजवीकडे.
आणि मागची माशी (नळीवरची नेम धरायची खूण) नसते, फक्त पुढची. मागची माशी म्हणजे तुमचा डोळाच. गाल दस्त्यावर (बंदुकीच्या मागच्या लाकडी भागावर) दर वेळी त्याच जागी टेकला नाही, समजा डोळा ३ मिमी वर राहिला, तर ५० मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर वर जाते. त्यामुळे शिस्त हाच शब्द मला जास्त बरोबर वाटतो. नेम नजरेनं धरता येतो, शिस्त गालानं, खांद्यानं, श्वासानं सगळ्यांनी धरायला लागते.

पदर_खोच
आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

गाळीव_कागद
खारा_वारा, खूप खूप आभार, हे माझ्या मजकुरापेक्षा सोपं आहे. त्या फडक्याला काय म्हणू? मूळ शब्द पॅच, मी 'ठिगळ' लिहिलंय.

खारा_वारा
ठिगळ नको, ते फाटल्यावर लावतात. आम्ही चिंधी म्हणतो.

तांबडं_फुटलं
'गवसणी' घ्या. वाद्याला घालतात ती. सुंदर मराठी शब्द आहे आणि गोळीला गवसणी घालणे हे वाचायलाही छान.

कोशातला_किडा
हा मात्र खरंच चांगला आहे. (तांबडं_फुटलं यांच्याशी सहमत होण्याची ही पहिलीच वेळ.)

खारा_वारा
गवसणी सैल असते हो. इथे सैल चालत नाही, मघाशी एवढं लिहिलं ते कशासाठी.

चुलत_भाषा
उशिरा आलो. 'ठासून सांगणे' हे या ठासणीच्या बंदुकीवरूनच आलंय ना? म्हणजे बोलणं गजानं दाबून भरल्यासारखं.

ठोकळेबाज
नाही हो. पोत्यात ठासून भरतात, चिलमीत ठासतात, डब्यात माणसं ठासतात. बंदुकीनंच तिथून शब्द उसना घेतला असेल. 'बार' मात्र बंदुकीचा, तो आपण लग्नालाही लावला, बार उडवून टाकला म्हणतो.

चुलत_भाषा
बार हा बारा बोअर वरून?

कोशातला_किडा
देवा. बार फारसी, ओझं, भार, एका वेळी भरलेला माल. बारा बोअरचा जन्मही नव्हता तेव्हा तोफांचे बार होत होते.

गाळीव_कागद
बार निघालाच आहे तर पुढची अडचण. बंदुकीच्या बाहेरच्या वाटीतली दारू भपकन पेटते पण आतला बार होतच नाही, याला इंग्रजीत फ्लॅश इन द पॅन म्हणतात आणि लेखकानं त्यावर दोन पानं खर्ची घातलीत. 'फुसका बार' चालेल?

खारा_वारा
फुसका बार म्हणजे बार झाला पण जोर नाही. तुम्ही म्हणताय त्यात बार होतच नाही. त्या वाटीतल्या बारीक दारूला रंजक म्हणतात आणि ती ज्या भोकातून आत आग नेते तो कान. कान काजळीनं बुजला की रंजक नुसतीच उडून जाते. मारायच्या आधी कानात बारीक तार फिरवायची. तोफांच्या कानात खिळे ठोकून तोफा निकामी करायचे तो हाच कान.

कोशातला_किडा
हिंदीत याला नेमकं आहे, 'रंजक चाट जाना'. बंदुकीनं रंजक चाटून टाकली पण उडाली नाही. मराठीत 'रंजक चाटली' करा, दोन पानांचं काम दोन शब्दांत.

गाळीव_कागद
शब्द भारी आहे पण 'रंजक उडून जाते' असं वाचलं तर लोकांना वाटेल मजकुरातली रंजकता उडाली. तशी ती उडालीच आहे म्हणा दहाव्या पानापासून.

निव्वळ_वाचक
पण मग माणूस त्या वेळी करतो काय? नुसता घोडा दाबून बघत बसतो?

खारा_वारा
घोडा दाबत नाहीत हो!! दाबतात तो चाप. घोडा म्हणजे गारगोटी धरून पुढे आपटतो तो. बोटाखाली असतो तो चाप आणि तो ओढायचा, तोही हलके. आणि बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान मिनिटभर थांबायचं, कधीकधी आत धुमसत असतं आणि उशिरा उडतं. तोंडाशी डोळा लावून 'का बरं उडालं नाही' बघणाऱ्यांचं पुढचं सांगत नाही.

निव्वळ_वाचक
आयुष्यभर सगळीकडे 'घोडा दाबला' वाचत आलोय. सगळे लेखक चूक?

खारा_वारा
हो.

ठोकळेबाज
असं कसं. शंभर माणसं घोडा दाबला म्हणतात आणि शंभरांना कळतं की काय झालं, तर तो अर्थ झाला. 'शिस्त' चा अर्थ बदललेला तुम्हाला चालतो, घोड्यानं काय पाप केलंय?

खारा_वारा
शिस्त हातात धरून माणूस मरत नाही. शिकवताना 'घोडा अर्ध्यावर ठेव' सांगितलं आणि पोरानं चापाला हात घातला तर? वस्तूच्या नावात वापर-बिपर चालत नाही.

तांबडं_फुटलं
इथे मी खारा_वारा यांच्या बाजूने. वापर या सबबीखालीच भाषा नासली.

पदर_खोच
आजोबा घोडा दाबला म्हणायचे. (पळते.)

गाळीव_कागद
सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवलंय: रंजक, कान, गज, बोळा हे शब्द जसेच्या तसे आणि पहिल्या पानावर चित्र. पॅचला चिंधी. छर्ऱ्यांचा 'पॅटर्न' म्हणजे फैलाव. तिथे लेखक म्हणतो की मापानं दारू आणि छर्रे सारखेच घ्या, दारू वाढवली तर छर्ऱ्यांची बांगडी होते, मधोमध मोकळी, आणि पाखरू नेमकं त्या भोकातून निघून जातं, हे बरोबर आहे ना? आणि चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जो क्षण जातो त्यात उडत्या पाखराबरोबर नळी फिरवतच राहायची, याला मी 'दम धरणे' केलंय.
स्मूदबोअरला 'साध्या नळीची बंदूक' लिहून पाठवलं. आत्ताच त्या परिचितांचा फोन आला, विचारतायत साध्या म्हणजे स्वस्त का.

खारा_वारा
बांगडीचं बरोबर. दम धरणे नको, लोक थांबतील. थांबले की गेलंच पाखरू. 'फिरवत राहणे' च लिहा सरळ.

ठोकळेबाज
आणि मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नुसतं 'बंदूक' लिहा.

चुलत_भाषा
तोड्याच्या (पेटत्या वातीनं बार काढायच्या) बंदुकीतला तोडा आणि जामगी एकच का? का त्यासाठी नवा धागा काढू?