'लिव्ह अँड लेट लिव्ह' म्हणणाऱ्या सोसायट्या आणि मासे खाणारा भाडेकरू

खाडीकाठ (धागाकर्ती)
भाच्याला ठाण्यात भाड्याने घर हवं होतं. घरमालकाशी बोलणं झालं, टोकन द्यायचं ठरलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी एजंटचा निरोप आला, जमणार नाही. वर समजूत अशी, "लिव्ह अँड लेट लिव्ह असतं हो. त्यांना त्यांच्या पद्धतीने राहू द्या, तुम्ही तुमच्या पद्धतीने दुसरीकडे राहा."

हे वाक्य इथे वापरलं जातं याचाच मला राग आहे. एकमेकांना सांभाळून घ्यायचं म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं. इथे सोडायचं एकानेच, आणि तेही राहतं घर. तुम्हाला काय वाटतं?

निरामिष
मी जन्मापासून शाकाहारी आहे, आणि हा आग्रह मला अजिबात गैर वाटत नाही. सुके बोंबील भाजले की वास जिन्यात तासभर रेंगाळतो, माझ्या आईला खरोखर मळमळतं. सारख्या विचाराची माणसं एकत्र राहू पाहतात, यात दुसऱ्याचा द्वेष कुठे आला? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतंच ठेवलं होतं. २००५ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम वैध ठरवला. मग शाकाहाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

कलम तेवीस
त्या संस्थेच्या उपविधीतच, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीतच, ती अट होती. आपल्याकडे बहुतेक इमारतींत काय होतं? बिल्डर येईल त्याला फ्लॅट विकतो, आणि पुढे चार-पाच वजनदार सभासद मिळून वातावरण ठरवतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील करता येतं.

पण ही सगळी तटबंदी घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू मोकळ्यावर. त्याला कोणी लेखी नकार देतच नाही, "मालकांचा विचार बदलला" एवढंच कळतं. दाद मागायची कुणाकडे?

ओसरी
कोरेगाव तालुक्यातलं आमचं घर. आजोबा माळकरी, चुलते-आत्या सगळे खाणारे. मटण असेल त्या दिवशी परसात तीन दगडांची चूल मांडायची. त्याची पातेली, पळी वेगळी, ती स्वयंपाकघरात आणायचीच नाहीत. आजोबा ओसरीवर पिठलं-भाकरी खात, आम्ही पोरं परसात. एकादशीला कुणी त्या पातेल्यांना हात लावत नसे, आणि आजोबांनीही "माझ्या घरात हे नको" असं कधी म्हटलं नाही. निम्म्या महाराष्ट्रात सोमवार-गुरुवार-शनिवार, श्रावण पाळणारी घरं अशीच चालतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

निरामिष
तुमच्याकडे परस होतं. इथे साडेचारशे चौरस फुटांत भिंतीला भिंत लागून, खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. वेगळी चूल कुठे मांडू?

आणि साधी वेगळी जागा मागितली तरी ओरड होतेच. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या मेसमध्ये फक्त सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी ठेवली. कुणाचं चिकन बंद केलं नव्हतं. तरी आंदोलन झालंच ना?

खाडीकाठ
ते आंदोलन मला पटतं. शाकाहारी जेवण मिळणं हा हक्क आहे, आणि ते तिथे मिळतच होतं. कुणाला लांब बसायचं असेल तर त्याने खुशाल बसावं. पण "या टेबलाशी तू बसायचं नाहीस" असा नियम करणं, आणि विरोध म्हणून तिथे बसून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड करणं, हे वेगळं. आपल्या देशात कुणाच्या पंगतीला कोण बसणार हे शतकानुशतकं जन्मावरून ठरत आलं. त्या देशात ताट बघून टेबल वेगळं करताना हात थबकायला हवा.

वासाचा त्रास मला मान्य आहे. त्यावर नियम करा. एक्झॉस्ट फॅन सक्तीचा करा, ओला कचरा झाकून ठेवायला लावा, डक्टमध्ये काही टाकलं तर दंड घ्या. नियम वागण्याला असावा, माणसाला नको.

निरामिष
पंगतीचा मुद्दा मला लागला, तो मी खोडणार नाही. पण सहनशीलता आमच्याकडूनच मागितली जाते, हेही खरं आहे. आमच्या डक्टमध्ये माशांचे काटे पडतात. तक्रार केली की "शहरात राहायचं तर सवय करा" असं तोंडावर ऐकवतात. ऑफिसात डबा उघडला की "गवत आणलंस का?" हा प्रश्न रोजचा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त लोक मांसाहार करतात, म्हणून उरलेल्यांनी रोज हे ऐकून घ्यायचं का?

कलम तेवीस
नाही घ्यायचं. पण गवत म्हणणाऱ्या सहकाऱ्यामुळे तुमचं घर जात नाही.

चावीवाला
मी डोंबिवलीत घरं दाखवतो, सतरा बिल्डिंगांचे सेक्रेटरी ओळखीचे आहेत. फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा येतो, खाण्याचा त्यानंतर. काही आडनावं ऐकली की खाण्याचं विचारतही नाहीत, परस्पर नाही म्हणतात. शाकाहारी दलित गिऱ्हाईक नेलं होतं, त्यालाही तेच उत्तर. आणि मुसलमान कुटुंब असेल तर नॉनव्हेज चालणाऱ्या बिल्डिंगाही नको म्हणतात. "वास येतो" हे कारण सांगायला सोपं पडतं.

निरामिष
शाकाहारी असूनही नाकारलं असेल तर तिथे माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही उरत नाही. आमच्या सोसायटीत भाडेकरूंना आडनावावरून परत पाठवतात का, हे मी येत्या सर्वसाधारण सभेत विचारणार आहे. डक्टमधल्या काट्यांचा विषयही त्याच सभेत काढेन.