मदत हवी आहे: लिबर्टीवर डाइव्ह करायचंय, सेंटरवाला नाही म्हणतोय (लवकर सांगा)

समीर_कोथरूड
नमस्कार मंडळी. पुढच्या गुरुवारी निघतोय. सगळी ट्रिप लिबर्टीसाठी आखली आणि आज सेंटरवाल्याचा मेसेज आला की फन डाइव्हला घेता येणार नाही, आधी कार्ड पाठवा. सर्टिफिकेट पाठवलं, तरी तेच तुणतुणं. तीन वेळा स्कूबा केलंय, पोहायला उत्तम येतं, भीती नाही. घेईल असा दुसरा कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कृपया फाटे फोडू नका, वेळ नाहीये.

चहाबाज
लिबर्टी म्हणजे मरीन लाइन्सचं थेटर ना? तिथे कुठून डाइव्ह मारणार, बाल्कनीतून? (हलके घ्या.)

गावकर
कुठची लिबर्टी, कुठचा देश, कुठचं कार्ड? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

समीर_कोथरूड
बालीची हो. तुलांबेनची बुडालेली बोट. अजून कुठे असते?

इतिहासवेडा
एक खुलासा, कारण हा घोळ सगळीकडे असतो. दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेली 'लिबर्टी शिप्स' वेगळी. या बोटीचं नावच लिबर्टी, बांधणी १९१८ची, न्यू जर्सीतली. ११ जानेवारी १९४२ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ओढत सिंगराजा बंदराला नेत होते, पण पाणी फार भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवली. एकवीस वर्षं तिथेच पडून होती. १९६३मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला, जमीन हादरली आणि बोट घसरून पाण्यात गेली. म्हणजे बुडवली जपान्यांनी नाही, डोंगराने.

समीर_कोथरूड
छान. पण माझा प्रश्न?

रेवा_सिंगापूर
समीर, 'तीन वेळा स्कूबा' म्हणजे नेमकं काय? फोटो नीट बघ. तुझ्या सिलिंडरच्या नॉबवर मागून कुणाचा हात दिसतोय का?

समीर_कोथरूड
हो, धरलेलं असतं. पण शेवटच्या वेळी जवळजवळ सोडलंच होतं. मालवणला केलं. सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट आहे, व्हिडिओ पण आहे.

गावकर
ता सर्टिफिकेट नाय रे बाबा, ती आठवण म्हणान देतत.

रेवा_सिंगापूर
तेच. तुझ्याकडे ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड नाही, आणि फन डाइव्ह कार्डवाल्यांसाठी असते. सेंटरवाला बरोबर आहे, तू चुकीची गोष्ट मागितलीस. त्याच माणसाला विचार की कार्ड नाही, डिस्कव्हर डाइव्ह लिबर्टीवर कराल का. त्यात इन्स्ट्रक्टर सोबत असतो, १२ मीटरची मर्यादा. बोटीचा वरचा भाग पाचेक मीटरवर सुरू होतो आणि खालचा तिसाच्या आसपास जातो, त्यामुळे बरंच काही दिसतं. मात्र आत शिरायचं नाही. वरून, बाजूने बघायचं.

बिनधास्त७७
कशाला एवढं? तिथे चार सेंटरं फिरा, थोडे जास्त पैसे द्या, कुणीतरी नेतंच. मी कार्ड नसताना अंदमानात वीस मीटर गेलोय.

खोलपाणी
मी इन्स्ट्रक्टर आहे. जो पैसे घेऊन कार्ड बघत नाही तो तुमच्या सिलिंडरमधली हवा तरी बघतो का, याचा विचार करा. बुडालेल्या बोटीत गाळ उडाला की स्वतःचा हात दिसत नाही.

बिनधास्त७७
आले मास्तर.

खोलपाणी
समीर, दिवस किती आहेत? थिअरी घरून ऑनलाइन करून गेलास तर पूल आणि समुद्रातल्या चार डाइव्ह मिळून तिकडे तीनेक दिवसांत कार्ड हातात येईल. मग १८ मीटर खोल जाता येईल.

समीर_कोथरूड
तुलांबेनला एकच दिवस आहे. सकाळी दोन डाइव्ह ठरवल्या होत्या, मग ड्रायव्हर किंतामणी दाखवत परत नेणार, रात्री ११ला विमान.

खोलपाणी
हे आधी का नाही सांगितलंस!! एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८, नाहीतर वर दाब कमी झाला की रक्तात बुडबुडे होऊ शकतात. सकाळी साडेआठला बाहेर आलास तर ११ वाजेपर्यंत साडेचौदा तास होतात. म्हणजे एकच डाइव्ह, दुसरी विसर. आणि किंतामणी सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. डाइव्ह करून लगेच तिथे चढणं म्हणजे अर्धं विमानच. ड्रायव्हरला किनाऱ्याच्या रस्त्याने न्यायला सांग.

बिनधास्त७७
मी संध्याकाळी डाइव्ह करून रात्री उडालोय. काही झालं नाही.

खोलपाणी
बेल्ट न लावताही लोक घरी पोचतात.

पर्यावरणप्रेमी_नाशिक
जुन्या बोटी बुडवून 'कृत्रिम प्रवाळ' करण्याचं फॅड आहे त्यावर कुणी बोलतच नाही. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ सत्तरच्या दशकात वीसेक लाख टायर टाकले, माशांना घर म्हणून. बांधलेले पट्टे तुटले आणि टायर लोळत जाऊन खऱ्या प्रवाळावर आपटले.

गावकर
टायर आणि बोट एक कसं? बोट आधी साफ करतात, तेल, केबली काढतात, दारं कापतात. नौदलाची गुलदार बोट १२ जानेवारी २०२४ला निवृत्त झाली, ती आमच्या सिंधुदुर्गात निवतीजवळ बुडवायचं ठरलं. तेव्हा बालीला कशाला जाता, इकडेच या.

पर्यावरणप्रेमी_नाशिक
साफ केलीय हे तपासतं कोण, हाच तर मुद्दा आहे.

समीर_कोथरूड
नवीन धागा काढा ना दोघं.

रेवा_सिंगापूर
सातला पाण्यात जा, साडेनवानंतर दक्षिण बालीतून गाड्या भरून येतात. पहाटे मोठे बम्पहेड मासे बोटीजवळ झोपलेले असतात, उशिरा गेलास तर गेले. किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा. लाटेबरोबर गोटे पायाखालून सरकतात, त्यामुळे बुटांशिवाय जाऊ नकोस. सिलिंडर उचलायची चिंता नको. तिथल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून दोन-दोन घेऊन त्याच गोट्यांवरून चालत जातात. मी एक सिलिंडर पाठीवर घेऊन दोनदा बसले होते, माझ्या मागून येणारी पन्नाशीची बाई हसून पुढे गेली.

आणि मेडिकल फॉर्म खरा भर. दमा, कान, सायनस.

समीर_कोथरूड
सायनसचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी. चालेल ना?

खोलपाणी
मी कपाळावर हात मारून घेतला. उद्याच ईएनटीकडे जा, लेखी घे.

समीर_कोथरूड
अपडेट: डॉक्टरांनी तपासून सही दिली. सेंटरवाला डिस्कव्हरला तयार झाला, सकाळी सात, एकच डाइव्ह. किंतामणी रद्द, त्यावर बायको बोलत नाहीये. रेवाताई, खोलपाणी, आभार.

दादर_पश्चिम
हा धागा वाचून विचारतो, डिसेंबरात मालवणला चौघांची राहायची सोय सुचवा. घरगुती जेवण, शाकाहारी.

गावकर
मालवणात शाकाहारी. ह्याच्यापेक्षा समीरचा प्रश्न सोपा होता.