'ट्रॉय'मधून देव काढले, ठीक. पण हेक्टरचं पळणं का काढलं?

अर्धवटवाचक

परवा 'ट्रॉय' पुन्हा पाहिला. २००४ साली थिएटरात पाहिला तेव्हा कॉलेजात होतो. ब्रॅड पिटच्या त्या उडीला सगळं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं होतं, त्यात एक शिट्टी माझीही होती. मधल्या काळात ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं ग्रीक महाकाव्य, इलियड, वाचून झालं (इंग्रजी भाषांतरातून, ग्रीक आपल्या नशिबी कुठलं). आता तोच सिनेमा बघताना नुसती चिडचिड झाली.

नेहमीची रड लावत नाहीये. ग्रीक राजा मेनेलॉस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या हातून मरतो, ग्रीक सेनापती अगामेम्नॉनला बंदिवान ब्रिसेइस भोसकते, दहा वर्षांचं युद्ध दोन-तीन आठवड्यांत उरकतं. सगळं माफ. श्रेयनामावलीत 'इलियडपासून प्रेरित' एवढंच म्हटलंय. ग्रीकांचा महावीर अकिलीस, त्याची आई थेटिस ही देवी सोडली तर सगळे देव गाळले, तेही माफ.

पण बाविसाव्या सर्गात अकिलीस समोर आला की हेक्टर पळतो हो! ट्रॉयचा सगळ्यात शूर माणूस. तटावरून आईबाप बघतायत आणि हा जीव मुठीत घेऊन धावतोय, शहराभोवती तीन फेऱ्या. वाटेत दोन झरे लागतात, एक कढत पाण्याचा, एक बर्फासारखा गार. शेजारी दगडी कुंड्या. युद्ध सुरू व्हायच्या आधी ट्रॉयच्या लेकीसुना तिथे धुणं धुवायच्या. एक माणूस मरणापासून पळतोय आणि होमर मध्येच धुण्याच्या कुंड्या दाखवतो. मी तिथे पुस्तक मिटून बसलो होतो.

सिनेमात हेक्टर घरच्यांचा निरोप घेतो, दरवाज्याबाहेर येतो आणि लढतो. द्वंद्व झकास बसवलंय, वादच नाही. पण देव गाळून माणसांची गोष्ट सांगायची होती ना? मग त्यातला घाबरलेला माणूस कुठे गेला?

खडूसकाका

वाचक, तुमच्या तक्रारीला २३०० वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त नेमका हाच प्रसंग घेतलाय. सगळं ग्रीक सैन्य नुसतं उभं, कोणी मागे धावत नाही आणि अकिलीस मान हलवून त्यांना 'तुम्ही मध्ये पडू नका' सांगतोय, हे रंगमंचावर हास्यास्पद दिसेल, असं तो म्हणतो. काव्यात चालून जातं कारण तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या थिएटरात तेव्हा शिट्ट्या नसत्या वाजल्या, लोक खो-खो हसले असते.

आणि देव गाळणं हे काही हॉलिवूडचं पाप नाही. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातली माणसं माणूस म्हणूनच वाचली. तेव्हा आपण मराठी लोकांनीच डोक्यावर घेतलं ना?

अर्धवटवाचक

काका, ॲरिस्टॉटलचा दाखला मानला. पण तो रंगमंचाबद्दल बोलतोय. तिथे प्रेक्षकाला सगळं सैन्य एकदम दिसतं. कॅमेऱ्याला कुठे सगळं दाखवायची सक्ती आहे? हेक्टरच्या खांद्यामागे धरा, नुसता श्वास आणि तट. अर्ध्या मिनिटात काम झालं असतं.

'युगान्त' तर माझ्याच बाजूने आहे. बाईंनी देवत्व बाजूला ठेवलं ते माणसांची वैगुण्यं उघडी करायला. इथे देवही गेले आणि वैगुण्यंही झाकली.

बोरकूट

देव गाळले असं कोण म्हणतंय? अकिलीसची भूमिका करताना ब्रॅड पिटला दुखापत झाली ती कुठे? अकिलीस टेंडनला, म्हणजे टाचेवरच्या त्याच्याच नावाच्या शिरेला! मेक्सिकोत सेट उभा होता, तिथे चक्रीवादळ आलं आणि ट्रॉयची भिंत पाडून गेलं. कथेत ती भिंत बांधली होती समुद्रदेव पोसायडनने. श्रेयनामावलीत नाव नाही म्हटल्यावर त्याने काय करावं?

बाकी चालू द्या.

पानगळ

बोरकूट 😂

मला वाचकांचं पटत नाही, पण काकांच्या कारणासाठी नाही. पळणारा हेक्टर थांबतो कसा ते आठवा. अथेना देवी त्याच्या भावाचं, डेइफोबसचं रूप घेऊन येते, 'चल, आपण दोघं मिळून लढू' म्हणते. तो थांबतो, भाला फेकतो, नेम बरोबर लागतो पण भाला अकिलीसच्या ढालीवर आपटून उडतो. दुसरा भाला मागायला वळतो तर भाऊ नाहीच. तिथे त्याला कळतं की संपलं. अथेना काढली की पळणं थांबवायला कोणी उरत नाही. म्हणजे देव गाळायचा निर्णय झाला तेव्हाच पळणंही गेलं. एक माफ आणि दुसरं नाही, असं नाही करता येणार.

शिवाय देव गाळल्याने काही ठिकाणी फायदा झालाय. इलियडमध्ये हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या छावणीत जातो तेव्हा हर्मीस देव त्याला पहारेकऱ्यांना झोपवून आत पोचवतो. सिनेमात प्रायम झालेला पीटर ओ'टूल एकटा जातो. आत कसा आलास विचारल्यावर म्हणतो, माझा देश मला ग्रीकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. मग ज्या हातांनी मुलाला मारलं त्यांचंच चुंबन घेतो. मला तरी देवाच्या बोटाला धरून गेलेल्या प्रायमपेक्षा हा जास्त भिडला.

तिसरामजला

एवढा ऊहापोह कशाला? बजेट साधारण १७.५ कोटी डॉलर. एवढे पैसे लावल्यावर निर्माता पोस्टरवरच्या माणसाला पाठ दाखवून पळू देईल होय?

अर्धवटवाचक

तिसरामजला, हेच खरं कारण असावं. पण मग 'वास्तववादी' वगैरे म्हणू नये. आणि पाठ दाखवायला हेक्टरच्या भावाला, पॅरिसला, दिलीच की. मेनेलॉससमोरून तो सरपटत जाऊन हेक्टरचे पाय धरतो. भित्रेपणा दाखवायची अडचण नव्हती, तो एकाच्याच वाट्याला टाकायचा होता.

पानगळताई, ओ'टूलबद्दल शंभर टक्के मान्य. फक्त इलियडमध्ये रडून झाल्यावर ती दोघं एकत्र जेवतात, 'निओबीनेसुद्धा बारा मुलं गेल्यावर घास घेतला' असं अकिलीस त्याला सांगतो. तो घास पडद्यावर हवा होता.

अथेनाचा मुद्दा मात्र अडचणीचा आहे. दोन दिवस विचार करतोय.

खडूसकाका

विचार करा. तोवर आणखी एक. १९८१च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसारखा नट देवांचा राजा झ्यूस करतो आणि तरी ते देवांचं ऑलिंपस बघताना गॅदरिंग आठवतं. देव पडद्यावर आणले की असं होतं.

पानगळ

काका, आपण रविवारी सकाळी टीव्हीवर आकाशात बाणाला बाण भिडताना पाहिलाय. घरात कोणी हसलं होतं का?

अर्धवटवाचक

ताई, सापडलं. पळायच्या आधी हेक्टर तटाबाहेर उभा राहून मनाशी बोलतो. आदल्या रात्री त्याच्या सोबत्याने, पॉलिडॅमसने, सांगितलं होतं, सैन्य आत घे. याने ऐकलं नाही, माणसं हकनाक मेली. आता आत गेलो तर लोक काय म्हणतील, या लाजेने तो बाहेर राहतो. मग भीतीने पळतो. तीच लाज त्याला तिसऱ्या फेरीनंतर थांबवू शकली असती. अथेनाची गरज नाही.

पानगळ

लिहायला सोपं आहे. कॅमेऱ्यासमोर लाज कशी दाखवणार? शेवटी कोणाला तरी संवाद द्यावाच लागेल, आणि मग काका हसतील.

जाता जाता, मी तुर्कस्तानात हिसार्लिकला जाऊन आलेय. ट्रॉय शोधायला श्लीमनने खणलेली तीच टेकडी. बालेकिल्ला कल्पनेपेक्षा बराच लहान वाटतो. जवळच्या चनाक्कले शहरात समुद्रकाठी या सिनेमातला लाकडी घोडा उभा आहे (जो इलियडमध्ये नाहीच). मी टेकडीभोवती तीन फेऱ्या मारायचं ठरवलं होतं.

बोरकूट

चिलखत घालून?

पानगळ

कोल्हापुरी घालून. पहिल्याच फेरीत अंगठा तुटला.