शब्द : ‘लिंगभाव’

प्रश्न : बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अमेरिकन गायिका बियॉन्सेचं २०१३ चं ‘फ्लॉलेस’ हे गाणं ऐकवते (शिव्यांचा भाग गाळून). त्यात चिमामांडा न्गोझी अदिची या नायजेरियन लेखिकेच्या भाषणाचा तुकडा आहे आणि त्यात ‘फेमिनिस्ट’ची चक्क कोशातली व्याख्या. ‘सेक्सेस’ची सामाजिक, राजकीय आणि आर्थिक समता मानणारी व्यक्ती. फळ्यावर ‘लिंगांची समता’ लिहिलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. जेंडरला, म्हणजे बाई-पुरुषाने कसं असावं याच्या समाजाने ठरवलेल्या कल्पनांना, ‘लिंगभाव’ म्हणते, तर मुलं म्हणतात, भाव लावून काय वेगळं झालं?

– व्याख्येपुरतं ‘स्त्री-पुरुष समता’ म्हणा. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये पुस्तकाचं नावच ‘स्त्रीपुरुषतुलना’ ठेवलं होतं. जोडी आपल्या कानाला सवयीची आहे.

– सवयीची आहे, पण त्यात तृतीयपंथी कुठे बसवणार? आणि सरळ ‘जेंडर’ म्हणा की. मुलं तेच म्हणतात.

– ‘लिंगभाव’ सोडू नका. फरक जनाबाईवरून दाखवता येतो. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’. यात ‘जाईन’ बाईही म्हणते, बुवाही म्हणतो. क्रियापदात लिंग नाहीच. बाई कळते ती पदरावरून, आणि तो घसरला तर बाजार काय म्हणेल हे आपल्याला न सांगता कळतं त्यावरून. हा लिंगभाव. त्याच अभंगात पुढे ‘मी झाले’ येतं. ते व्याकरणातलं लिंग.

– पदराचं उदाहरण उचलते! त्याला जोडून वर्गातली गंमत. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं १९६५ मध्ये ओटिस रेडिंग या अमेरिकन गायकाने लिहिलं आणि गायलं. घरी येणारा नवरा बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गायलं आणि मागणी उलटली, मान बाई मागू लागली. मराठीत आणताना मुलं अडली : ‘मागतो’ की ‘मागते’? एकीने तोडगा काढला, ‘मला मान हवा’.

– पण ‘हवा’ पुल्लिंगीच की.

– ते मानाचं. मागणारीचं नाही.

– मग ‘इज्जत हवी’ का नको?

– तेही एकाने सुचवलं होतं. मुलीच नको म्हणाल्या. इज्जत ‘जाते’ ती बहुतेक आमचीच, म्हणाल्या.