पोराच्या खोलीला गुलाबी रंग दिला की पोर शांत होतं का?

नमस्कार मंडळी, दिवाळीआधी घर रंगवायला काढलंय. पोराची खोली उत्तरेकडची, ऊन येतच नाही. शेडकार्ड बघत होतो तर पेंटवाला म्हणे बेबी पिंक मारा साहेब, अमेरिकेत जेलमधे कैद्यांना गुलाबी खोलीत ठेवतात, १५ मिनिटांत गार पडतात. आमचं कार्टं ७ वर्षांचं आणि कैद्यांच्या वरताण, त्यामुळे बायको लगेच तयार झाली. खरंच काही असतं का यात, की नुसता माल खपवायचा?

भिंतीवरची_पाल: जेलची गोष्ट खरीये पण अर्धीच. १९७९ साली सिअ‍ॅटलच्या नेव्हीच्या तुरुंगात अलेक्झांडर शॉस यांच्या सांगण्यावरून एक खोली तशी रंगवली होती, तिथल्या दोन अधिकाऱ्यांवरून त्या रंगाला बेकर-मिलर पिंक म्हणतात. पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तुलना करून बघितली तर गुलाबी आणि साध्या खोलीतल्या कैद्यांच्या रागात फरक काही सापडला नाही. पेंटवाला एवढं पुढचं कशाला सांगेल!

कोपऱ्यातली_खुर्ची: रंगापेक्षा उजेड बघा हो. संध्याकाळी ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब लावून ठेवली तर भिंत कुठलीही असो, पोर झोपणार नाही, कारण डोळ्यातल्या काही पेशी निळसर उजेडाला जास्त जागतात आणि झोपेचं मेलाटोनिन दाबलं जातं. रात्री २७०० चा पिवळा दिवा लावा. आणि शेडकार्डवर जाऊ नका, आम्ही हॉलची एक भिंत केशरी केली, कार्डावर दोन बोटांएवढी झकास दिसत होती, भिंतभर आल्यावर सासूबाई म्हणाल्या गणपतीचा मांडव कधी सोडताय? उत्तरेच्या उजेडात करडा-निळा अजूनच मलूल दिसतो, तो तर नकोच.

हिरवा_गाऊन: मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) सिस्टर आहे. आमच्याकडचा हिरवा रंग मन शांत करतो असं लोक सांगतात, पण मूळ भानगड डोळ्यांची आहे. लाल रक्ताकडे बराच वेळ बघून पांढऱ्या चादरीकडे नजर गेली की हिरवट डाग तरंगतात, हिरव्या कापडावर ते जाणवत नाहीत. बाकी सात वर्षांचं पोर शांत हवंय कशाला? बरं नसलं की होतंच.

प्रश्नवाला: सिस्टर 🙏 पटलं. फिक्कट पिवळ्याचा सँपल डबा आणून काल भिंतीवर हातभर पट्टा मारला, सकाळी बघतो तर त्यावर स्केचपेनने डायनोसॉर. आता पुसता येणाऱ्या पेंटचं कोणी सांगा.