‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’मधला डॅम आपला दाम का?

खडीसाखर: लेक काल फोनवर कुणावर तरी खेकसली, ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम!’ म्हणजे मला काडीचीही पर्वा नाही. मी म्हटलं, बाई, हा डॅम म्हणजे अकबराचा दाम. चाळीस दामांचा एक रुपया. साहेब इथे आला, ‘दमडी देणार नाही’ ऐकलं आणि विलायतेला घेऊन गेला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इथल्या साहेबी इंग्रजीच्या कोशात हेच सुचवलंय. मोडून दाखवा!

बोरूबहाद्दर: सुचवलंय, सिद्ध कुठे केलंय? ऑक्सफर्डच्या कोशाने ही कल्पना हुशारीची पण निराधार म्हणून निकालात काढली. डॅमचं मूळ लॅटिन, अर्थ दोषी ठरवणं. त्यावरून नरकात धाडणारा शाप. ‘डोन्ट केअर अ कर्स’ असंही इंग्रज म्हणतो. आता कर्स नावाचं नाणं शोधणार?

खडीसाखर: पण शाप ‘देत नाही’ म्हणजे तुच्छता कशी? नाणं देत नाही, हे कळतं.

बोरूबहाद्दर: आधी ‘केअर’ होतं, ‘गिव्ह’ नंतरचं. ऑलिव्हर गोल्डस्मिथ या लेखकाने १७६०च्या सुमारास ‘तीन डॅम’चीही पर्वा नाही असं लिहिलंय. तो कधी हिंदुस्थानात आला नव्हता.

खडीसाखर: तो नव्हता, पण कंपनीची सुरतेची वखार १६१३ची! दीडशे वर्षांत एक शब्द गलबतात चढला नसेल?

जुनी_नाणी: भांडा, पण नाणं तरी बघा. दाम तांब्याचा, जाडजूड, वीस ग्रॅमच्या आसपास. अकबराच्या महसुलाचा हिशेब दामांत व्हायचा. त्याला तुच्छ कोण म्हणेल? दामाचा आठवा हिस्सा ती दमडी, तिला म्हणतील. त्याच कोशात लिहिलंय की इथले साहेब ‘दमडी देणार नाही’ म्हणायचे. मग शेवटची ‘डी’ बोटीतून पडली का? (आणि दाम तरी अस्सल आपला कुठे? ग्रीक द्राख्मा, त्याचा द्रम्म, त्याचा दाम.)

बोरूबहाद्दर: वा! आपल्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत. ‘दमडीची किंमत देत नाही’ ही नाण्याची, ‘गेलास खड्ड्यात’ ही शापाची. साहेबाचा डॅम खड्ड्याच्या पंगतीतला.

खडीसाखर: दमडीपुढे माझी बोलती बंद. पण लेक आज वर्गात सगळ्यांना अकबराचा दाम सांगून आलीय, तिला काय सांगू?